संत्र्याची पपई होते तेव्हा

पांढुर्ण्यात दुपारी दोनच्या सुमारास, जेवणाची भांडी घासून झाली की आमच्या गल्लीतल्या चार-सहा जणी एका ओसरीवर मॅटीचं कापड घेऊन बसतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी नव्यानं आली. तोवर सुई तिनं बटण लावण्यापुरतीच हातात धरलेली. तिला क्रॉस स्टिचनं संत्रं भरायचं होतं. संत्र्यांच्या मुलखात पहिलं चित्र दुसरं कशाचं असणार! गणिताच्या वहीतल्या चौकटींच्या पानावर तिनं स्वतःच नमुना आखला. फळ आडवं 40 घरं, उभं 36 घरं. म्हणजे खऱ्या नागपुरी संत्र्यासारखं वरून-खालून किंचित दबलेलं. आठ दिवस मान खाली घालून तिनं काम केलं. एकही घर चुकलं नाही. आणि फळ पुरं झालं तेव्हा ते चांगलं लांबट, उभट दिसायला लागलं. शेजारच्या आजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा संत्रा कायचा व माय, ही त पपई झाली!”

सगळ्याजणी त्या मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं कापड लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं आणि खुदकन हसली. मग सगळी ओसरी हसली. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, “पण आजी, घरं त बरोबर आहेत. मोजून घ्या ना. मग असं झालं काहून?”

तो प्रश्न मला फार आवडला. क्रॉस स्टिच शिकताना होणाऱ्या जवळपास प्रत्येक चुकीला असं एखादं साधं, सापडण्याजोगं कारण असतं. ते एकदा कळलं की त्या चुकीवर मोकळेपणानं हसता येतं, आणि पुढच्या वेळी ती टाळताही येते.

पपईचं कारण कापडात होतं. मॅटीच्या कापडात उभे आणि आडवे दोरे जोडी-जोडीनं किंवा चार-चारच्या पुंजक्यानं एकमेकांखालून-वरून विणलेले असतात. त्यामुळे कापडावर आपोआप बारीक चौकोन पडतात आणि प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोकं राहतात. एक चौकोन म्हणजे एक घर, एका घरात एक फुली. नमुन्याच्या कागदावरचं एक घर म्हणजे कापडावरचं एक घर. छापा उमटवायचा नाही, पेन्सिलीनं चित्र काढायचं नाही, नुसतं मोजायचं. पण कागदावरची घरं चौरस असतात. कापडावरची तशी असतीलच असं नाही. त्या मुलीच्या स्वस्तातल्या मॅटीवर पट्टी ठेवून मोजलं तेव्हा आडव्या इंचात आठ घरं निघाली आणि उभ्या इंचात सहाच. आता हिशेब करा. आडवी 40 घरं भागिले 8, म्हणजे फळाची रुंदी 5 इंच. उभी 36 घरं भागिले 6, म्हणजे उंची 6 इंच. जे फळ रुंद व्हायला हवं ते उंच झालं. मोजणीत तिची काडीचीही चूक नव्हती.

म्हणून नवं कापड घेतलं की पहिल्यांदा शिवणाची टेप काढायची. पाच इंचांत किती घरं बसतात ते आडवं मोजायचं, मग उभं मोजायचं. दोन्ही आकडे सारखे आले तरच ते कापड चित्रासाठी. फरक असला तर त्यावर बारीक नक्षीची किनार भरावी; किनारीत लांबट-आखूड कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मापाची खात्री हवी असेल तर एडा नावाचं कापड मिळतं. ते खास मोजून भरायच्या कामासाठीच विणतात आणि त्याच्यावर इंचातल्या घरांचा आकडा लिहिलेला असतो: 11, 14, 16, 18. आकडा मोठा तितकं घर बारीक. तेच 40 घरांचं संत्रं 14 च्या एडावर जेमतेम 2.9 इंच रुंद होईल आणि 11 च्या कापडावर 3.6 इंच. हा भागाकार आधी केला नाही म्हणजे उशीच्या अभ्र्यावर लिंबाएवढं संत्रं उमटतं, नाहीतर रुमालाबाहेर पानं जातात. चारी बाजूंनी दोन-तीन इंच कापड जास्तीचं ठेवायचं, आणि कापल्याबरोबर कडेला हातशिलाई मारायची. मॅटीचे दोरे सुटायला लागले की थांबत नाहीत.

आमच्याकडे हे सामान आणायचं म्हणजे नागपूर. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. मग राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाड्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हाही झाला. पण मुलीच्या लग्नाचं रुखवत मांडायचं असो की दारावरचं तोरण भरायचं असो, पावलं अजून नागपूरच्याच बाजारपेठेकडे वळतात. जाणारीच्या हाती सगळ्याजणी आपापली यादी देतात, आणि एक मोठी चूक या यादीतच होते. नमुन्याच्या कागदावर धाग्याचे नंबर असतात, पण ते कुठल्या कंपनीचे हे बघायचं राहून जातं. डीएमसीचा 310 म्हणजे काळा. अँकरमध्ये काळ्याचा नंबर 403 आहे. यादीत नुसतं ‘310’ लिहिलं आणि दुकानदारानं अँकरची लडी दिली तर वेगळाच रंग घरी येतो. नंबरापुढे कंपनीचं नाव लिहावं. आणि मोठ्या रंगाच्या लड्या, म्हणजे आपल्या चित्रात नारिंगी, एकाच वेळी पुरेशा घ्याव्यात. पुढच्या खेपेला आलेली त्याच नंबराची लडी कधी कधी किंचित वेगळी निघते आणि निम्मं फळ पिकलेलं, निम्मं अर्धकच्चं दिसतं.

अँकरची लडी आठ मीटरची असते आणि धागा सहा पदरी. हे सहा पदर सुटे करता येतात, हेच नवख्यांना ठाऊक नसतं. पुष्कळजणी लडी उलगडून सहाही पदर तसेच ओवतात. 14 च्या कापडावर सहा पदरांची फुली म्हणजे घरात न मावणारा गोळा. कापड ताठ होतं, भोकं फाकतात, चित्राला गाठोड्याचं रूप येतं. तिथं दोन पदर पुरतात. 11 च्या कापडाला तीन. आठ घरांच्या जाड मॅटीला चार लागतात, कधी जास्तही. कडेला पाच-सहा फुल्या भरून बघाव्या: खालचं कापड फुलीमधून डोकावत असेल तर एक पदर वाढवा, फुल्या एकमेकींना ढकलत असतील तर एक कमी करा. पदर काढताना टोकाशी एक पदर चिमटीत धरून सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होतात, तो निघाला की पुन्हा सरळ होतात. दोन पदर हवेत म्हणून दोन एकदम ओढले की गुंता झालाच म्हणून समजा. एकेक काढा, मग शेजारी शेजारी ठेवून ओवा.

धागा किती लांब घ्यावा याचं माप आपल्या अंगातच आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे जुन्या मापाचा एक हात, अठरा इंच. वारंवार सुई ओवायचा कंटाळा येतो म्हणून शिकाऊ मुली दोन-अडीच हात घेतात. मग तो धागा प्रत्येक टाक्याला भोकातून घासत जातो, त्याची चमक उडते, तंतू सुटतात आणि शेवटी गाठ बसते. शिवाय प्रत्येक टाक्याबरोबर धाग्याला थोडा पीळ चढत जातो. आठ-दहा फुल्या झाल्या की सुई सोडून द्यावी, कापडाखाली लोंबू द्यावी. ती गरगर फिरते आणि पीळ आपोआप उतरतो. ओसरीवरच्या लहान पोरांना हा खेळ भारी आवडतो.

सुई बोथट टोकाची घ्या. नेहमीची टोकदार सुई भोक सोडून कापडाच्या दोऱ्याच्या पोटातून जाते आणि फुली वाकडी बसते. नेढं मोठं, टोक गोल, अशी सुई आपणहून भोक शोधते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. 14 च्या कापडाला 24 नंबर चालतो.

आता खुद्द टाका. घराच्या डाव्या खालच्या भोकातून सुई वर काढा, उजव्या वरच्या भोकात खाली घाला. ही झाली अर्धी फुली. मग उजव्या खालच्या भोकातून वर, डाव्या वरच्या भोकात खाली. फुली पुरी झाली. ओळभर एकच रंग असेल तर जाताना सगळ्या अर्ध्या फुल्या टाकत जायचं आणि येताना त्या पुऱ्या करत यायचं. असं केलं तर मागच्या बाजूला नुसत्या उभ्या रेघा दिसतात आणि धागाही वाचतो.

नियम एकच, पण तो पाळायलाच हवा: प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच बाजूला झुकलेला असावा. नवशिकीच्या कामात मध्येच पाच-सात फुल्या काळपट, डाग पडल्यासारख्या दिसतात. रंग तोच, लडी तीच, तरी वेगळ्या. धाग्याला चमक असते. वरचा पाय उलट दिशेला पडला की उजेड वेगळ्या बाजूला परततो आणि तेवढा तुकडा गडद भासतो. हे होतं कसं? बहुतेकदा कापड हातात फिरल्यामुळे. काम बाजूला ठेवून चहा ठेवायला उठलो, परत येऊन उचललं आणि ते आडवं धरलं गेलं. पावपट फिरलेल्या कापडावर तुम्ही अगदी नियमानं फुली घातली तरी सरळ केल्यावर तिचा पाय उलटा निघतो. गंमत म्हणजे पूर्ण उलटं, डोक्याचं पायाकडे असं धरलं तर मात्र काही बिघडत नाही. तिरपी रेघ अर्धा फेरा फिरूनही तशीच राहते. कागदावर एक तिरपी रेघ काढून फिरवून बघा, लगेच पटेल. उपाय सोपा: कापडाच्या वरच्या कडेला रंगीत दोऱ्याचा एक टाका खुणेला घालून ठेवा.

गाठीबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण शाळेत आपल्याला धाग्याला गाठ मारूनच शिवायला शिकवतात आणि ती सवय सुटत नाही. मॅटीचं भोक मोठं असल्यानं गाठ तरी त्यातून सुटून वर येते, नाहीतर मागे तिचा उंचवटा होऊन इस्त्रीनंतर पुढे फोडासारखा दिसतो. त्याऐवजी इंचभर टोक मागे मोकळं धरून ठेवायचं आणि पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली ते दाबत न्यायचं. संपवताना सुई मागच्या टाक्यांखालून सरकवून धागा कापायचा. धारवाडकडच्या कसुतीत हाच रिवाज आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या इरकल लुगड्यांच्या पदरावर तुळशीवृंदावन, रथ, हत्ती, गोपुर असं जे भरलेलं असायचं ती कसुती. तीसुद्धा कापडाचे दोरे मोजूनच भरतात. तिच्या चार प्रकारच्या टाक्यांपैकी मेंथी म्हणजे फुलीचाच टाका, मेथीच्या दाण्यांवरून नाव पडलेला. आणि गावंती व मुर्गी हे टाके तर दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागतात, मग गाठीला जागाच कुठली? तेव्हा मोजून भरण्याची ही विद्या मासिकातल्या नमुन्यांबरोबर परदेशातूनच आली असं कुणी समजू नये.

मागच्या बाजूची आणखी एक चूक म्हणजे गडद धागा लांबवर ओढत नेणं. इथलं हिरवं पान झालं, तिकडे चार बोटांवर दुसरं हिरवं पान आहे, म्हणून धागा न कापता मागून तसाच नेला. मधली जागा पांढरी असेल तर पुढून ती हिरवी सावली स्पष्ट दिसते. तीन-चार घरांपलीकडे धागा नेऊ नये.

सगळ्यांत जास्त रडवणारी चूक म्हणजे एका घराची. कडेपासून सुरुवात केली की ती हमखास होते, म्हणून कापड दोनदा घडी घालून मधोमध खूण करावी आणि चित्राच्या मध्यापासून बाहेर सरकावं. तरीही मोजताना कुणीतरी हाक मारतं, शिट्टी वाजते, आणि सतरा ऐवजी अठरा घरं सोडली जातात. त्या वेळी काहीच कळत नाही. दोन दिवसांनी पानाचा देठ फळाला भेटायला येतो आणि एक घर बाजूनं निघून जातो. अशा वेळी आधी कात्री खाली ठेवावी. चूक कुठं झाली ते मध्यरेषेपासून मोजत यावं. फुलीकामात चूक कधी हरवत नाही, तिला आडवा-उभा पत्ता असतो. सापडली की स्वतःला विचारावं, या फुल्यांवर पुढचं काही टेकलेलं आहे का? सुटं पान असेल, एक घर उजवीकडे सरकलं असेल, तर राहू द्यावं. झाडावर तरी सगळी पानं मापानं कुठं लागतात! पण त्या पानाला फांदी आणि फांदीला दुसरं फळ जोडायचं असेल तर उसवावंच लागेल, आणि आजच उसवावं, कारण उद्या दुप्पट असेल.

उसवताना ओवलेली सुई उलटी भोकातून घालू नये, ती धागा चिरते. सुईतून धागा काढून घ्यावा आणि टाके आल्या वाटेनं एकेक मागे ओढावे. काम जुनं असेल तर मधे कापून मागून चिमट्यानं तुकडे वेचावे. उसवलेला धागा पुन्हा वापरू नये, तो पिंजलेला असतो. आणि उसवायला एकटीनं बसू नये. आमच्या ओसरीवर कुणाचं उसवायचं निघालं की शेजारची आपलं काम ठेवून तिच्या कापडाचं दुसरं टोक धरते. तेवढ्या वेळात प्रत्येकीच्या उसवण्याच्या गोष्टी निघतात. कुणी तीन तास भरलेलं कापड उचलायला गेली तर साडीचा पदरही बरोबर आला, फुल्यांनी पक्का शिवलेला. कुणी बैल भरला पोळ्यासाठी आणि त्याला पाय पाच झाले. हसता हसता उसवून कधी होतं ते कळत नाही. एकच पथ्य आमच्याकडे पाळतात: जिची चूक तिनं आधी हसायचं. तिच्याआधी दुसरी हसली तर ती थट्टा होते आणि नवी मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही.

उसवणं कमीपणाचं नाही, हे मनापासून पटवणारी एक वस्तू लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईनं 1598 मध्ये भरलेला नमुन्यांचा तुकडा; तारीख घातलेल्या ब्रिटिश तुकड्यांमध्ये हा सर्वांत जुना. त्यावर प्राणी, फुलं, मुळाक्षरं, नक्षीच्या पट्ट्या असं पुष्कळ काही आहे, आणि वरच्या भागात काही चित्रं भरून पुन्हा उसवून काढल्याच्या खुणा आहेत. पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती त्यात होता. सव्वाचारशे वर्षं झाली, हत्ती गेला तरी त्याची भोकं कापडावर राहिली आहेत.

एका घराची चूक टाळायची असेल तर सुरुवातीलाच दर दहा घरांवर वेगळ्या रंगाच्या एकपदरी दोऱ्यानं उभे-आडवे धावदोरे घालून घ्या. कागदावर प्रत्येक दहावी रेघ जाड असते, तशीच कापडावर होते. मग कधीच दहाच्या पुढे मोजावं लागत नाही. अर्धा तास जातो, पण पुढचे आठ दिवस वाचतात. भरताना त्या दोऱ्याला सुई टोचू देऊ नका, म्हणजे काम झाल्यावर तो सरळ ओढून निघतो.

शेवटची चूक काम संपल्यानंतर होते. कापड ताणून धरायला लावलेली रिंग त्यावर तशीच ठेवून दिलेली असते आणि तिचा गोल मळकट ठसा उमटतो. म्हणून रोज उठताना रिंग काढावी. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हाताच्या घामानंच कापड पिवळं पडतं, तेव्हा हात धुऊन, कोरडे करून बसावं. धुण्याआधी लाल आणि गडद धाग्यांवर ओला पांढरा कपडा दाबून बघावा. रंग उतरला तर गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहावं, मधेच वाळू देऊ नये. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, त्याला घाबरू नये, धुऊन थोडं ऊन दाखवलं की फिका पडतो. डाग असताना मात्र इस्त्री फिरवू नये. इस्त्री करायची ती जाड टॉवेलवर, काम पालथं ठेवून, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.

त्या मुलीनं आता दुसरं संत्रं घेतलं आहे, 14 च्या एडावर, दोन पदरांनी, दहा-दहा घरांचे धावदोरे घालून. पहिल्या तुकड्याच्या कडा तिनं दुमडून शिवल्या, कोपऱ्यात बारीक फुल्यांनी तारीख घातली. तिच्या घरी माठावरच्या झाकणीवर तो अंथरलेला असतो, आणि पाणी मागणाऱ्याला ती म्हणते, “तिकडे पपईखाली आहे, घ्या.” तुमचाही पहिला तुकडा फेकून देऊ नका. त्याच्यावर तारीख घाला आणि डोळ्यांसमोर राहील अशा जागी ठेवा.